गाडी नसतानाही ओळखू यावी अशी जागा: मॉडेल रेल्वेवर खरा देखावा उभारताना

लेआउटवरची, म्हणजे मांडून ठेवलेल्या मॉडेल रेल्वेवरची, गाडी उचलून बाजूला ठेवा आणि नुसत्या रिकाम्या रुळांकडे पाहा. ही जागा कुठली, साधारण कुठल्या काळातली, हे जाणकाराला सांगता येतं का? येत असेल तर देखावा जमला. येत नसेल तर त्यावरून कितीही महागडं इंजिन चालवा, ते इथेच का चालतंय याला काही कारण दिसत नाही.

आपल्यापैकी बहुतेकांची सुरुवात इंजिनापासून होते. आवडतं इंजिन घ्यायचं, त्याला रूळ, रुळांना स्टेशन आणि उरलेल्या कोपऱ्यात एक डोंगर, कारण बोगदा हवाच असतो. खऱ्या गाडीचा खरा देखावा करायचा असेल तर हा क्रम उलटा करावा लागतो: आधी जागा, मग साल, मग मोजमाप आणि गाडी त्यानंतर.

जागा लहान घ्या, साल नक्की करा

मोठं जंक्शन सगळ्यांनाच खुणावतं आणि तिथेच बहुतेक लेआउट अर्धवट राहतात. एक क्रॉसिंग लूप (दोन गाड्यांना एकमेकींना ओलांडता यावं म्हणून घातलेला जास्तीचा रूळ), मालधक्क्याची एक सायडिंग (बाजूचा रूळ), एक फाटक आणि स्टेशनची बुटकी इमारत एवढं असलं तरी वर्षभराचं काम निघतं. जागा निवडताना एक गोष्ट मुद्दाम पाहा: दोन्ही टोकांना गाडी नजरेआड करणारं काही आहे का? रस्त्याचा पूल, खोल कटिंग, दाट झाडी, गोदामाची भिंत, काहीही चालेल. गाडी देखाव्यात येते कुठून आणि जाते कुठे याची सोय जागेनेच केली असेल तर खोटा बोगदा पाडावा लागत नाही.

मग कागदावर त्या जागेच्या चार खुणा लिहा. चारच. फलाटाला असलेला बाक, पाण्याच्या टाकीचा दगडी चौथरा, सिग्नलची केबिन नेहमीच्या बाजूला नसून पलीकडे असणं, मोरीजवळ एकदम खाली उतरणारा रस्ता, असं काहीतरी. जागा कमी पडली की इतर सगळ्यांत काटछाट करायची, पण या चार खुणांना हात लावायचा नाही.

साल ठरवताना ‘वाफेच्या इंजिनांचा काळ’ असं मोघम धरून भागत नाही. सिग्नल हाताचे की दिव्यांचे, स्लीपर लाकडी, लोखंडी की काँक्रीटचे, वर तारा आहेत की नाहीत, रुळांच्या कडेने टेलिग्राफचे खांब जातात का, डब्यांचा रंग कोणता, हे सगळं सालावर ठरतं. एक नियम पक्का धरा: ठरवलेल्या सालापेक्षा जुनं काहीही चालेल, नवं एकही नको. जुनं तर भरपूर हवंच. कुठल्याही वर्षी रुळांवरच्या बहुतेक गोष्टी वीस-तीस वर्षं वापरातल्या असतात. सगळंच त्या सालचं कोरं असेल तर देखावा प्रदर्शनातल्या दालनासारखा दिसतो. सालाच्या बाबतीत सगळ्यात जास्त घात करतात त्या फाटकाशी उभ्या केलेल्या मोटारी. इंजिनाचं साल न कळणाऱ्यालाही मोटारीचं मॉडेल कळतं.

फोटोतून मोजमाप काढणं

मूळ नकाशे मिळाले तर उत्तम, पण बहुधा मिळत नाहीत. फोटो मिळतात आणि फोटोत पट्टी असतेच, ती फक्त शोधावी लागते. समोरून घेतलेल्या फोटोत रुळांमधलं अंतर ही तुमची पट्टी. स्टँडर्ड गेज १,४३५ मिलिमीटर, भारतीय उपखंडातला ब्रॉडगेज १,६७६, मीटर गेज १,०००. बाजूने घेतलेल्या फोटोत स्लीपर मोजा. मुख्य मार्गावर ते साधारण ६० ते ६५ सेंटीमीटरवर असतात, म्हणजे वीस गाळ्यांना बारा-तेरा मीटर झाले. इमारतीसाठी विटांचे थर मोजायचे. विटेचं माप जागेगणिक बदलतं, त्यामुळे एक थर कुठेतरी प्रत्यक्ष मोजून घ्या. मग भिंतीची उंची म्हणजे नुसता गुणाकार. फोटो तिरका असेल तर लांबचं माप जवळच्या पट्टीने काढू नका, दोन्ही एकाच अंतरावर असायला हवीत. जागेचा आराखडा उपग्रहचित्रावरून उतरवता येतो. जुन्या सालासाठी मात्र त्या काळचा सर्व्हे नकाशा शोधा, कारण उखडलेल्या सायडिंगची जागा त्यातच दिसते.

स्वतः फोटो काढायला जाल तेव्हा इंजिनाकडे पाठ फिरवा. इंजिनाचे फोटो इतरांनी काढलेले सापडतीलच. गटार, केबलचं झाकण, शेडची मागची भिंत, दोन रुळांमधली जमीन, कुंपण कुठे मोडलंय ती जागा, हे कोणी टिपत नाही आणि काम करताना नेमकं हेच लागतं. फोटो फलाटावरून, पुलावरून किंवा रस्त्यावरून काढा. रुळांत उतरायचं नाही. जुने फोटो पाहतानाही मधल्या गाडीवर न रेंगाळता चारही कोपरे पाहा.

स्केल आणि आकडेमोड

स्केल म्हणजे मॉडेल खऱ्याच्या किती पट लहान ते. एचओ म्हणजे १:८७ (खऱ्याच्या ८७ पट लहान), दोन रुळांमधलं अंतर १६.५ मिलिमीटर. एन म्हणजे १:१६०, रूळ ९ मिलिमीटरचे. ब्रिटनमधलं ओओ १:७६ असूनही १६.५ मिलिमीटरच्याच रुळांवर चालतं, त्यामुळे तिथे रूळ थोडे अरुंद दिसतात. ब्रॉडगेजवाल्यांची अडचण याच जातीची: १,६७६ भागिले ८७ म्हणजे १९.३ मिलिमीटर, आणि बाजारात मिळतात १६.५ चे. स्वतः रूळ बांधायची तयारी असेल तर प्रश्न मिटला. नसेल तर ही तडजोड स्वीकारा आणि लेआउट असा वळवा की गाडी बाजूने दिसेल. बाजूने पाहताना तीन मिलिमीटरचा फरक कळत नाही, समोरून मात्र लगेच कळतो.

स्केल निवडताना इंजिनावरचे बारकावे नको, गाडीची लांबी बघा. २४ मीटरचा डबा एचओमध्ये २७.६ सेंटीमीटर होतो आणि एनमध्ये १५. बारा डबे आणि इंजिन मिळून एचओमध्ये साडेतीन मीटर, एनमध्ये दोन मीटरच्या आत. तुमच्या मनातला देखावा लांबलचक मालगाडी घाट चढतेय असा असेल आणि खोली लहान असेल, तर एन घ्या. शंटिंग, मालधक्का, इंजिन शेड असा असेल तर एचओ किंवा त्याहून मोठं. इंजिनासाठी स्केल घेतलेला माणूस पुढे तीन डब्यांची एक्स्प्रेस चालवतो.

काय आखडायचं

एक किलोमीटरचं स्टेशन एचओमध्ये साडेअकरा मीटर होतं. तेव्हा आखडणं आलंच. प्रश्न असतो तो कशाला कात्री लावायची याचा.

कॅलिफोर्नियातल्या तेहाचापीचं उदाहरण घेऊ. १८७६ मध्ये पूर्ण झालेला हा मार्ग डोंगराभोवती फेरी मारून स्वतःच्याच खालून जातो. फेरी सुमारे १,१५० मीटरची आणि दोन पातळ्यांत फरक सुमारे २३ मीटरचा, म्हणजे चढ साधारण दोन टक्के. एचओमध्ये हे जसंच्या तसं केलं तर १३ मीटरची फेरी आणि २६ सेंटीमीटरचा फरक. पण त्या जागेची ओळख फेरीच्या लांबीत नाहीच. गाडीचं शेपूट बोगद्यात आणि तोंड त्याच्या वर, यात आहे. तेव्हा ७५ सेंटीमीटर त्रिज्येची फेरी घ्या. लांबी ४.७ मीटर. चढ मूळच्यापेक्षा जरासा वाढवून २.२ टक्के केला की वरचा रूळ साडेदहा सेंटीमीटर उंचीवर येतो, खालून गाडी जायला तेवढं पुरतं. वीस सेंटीमीटरच्या चोवीस-पंचवीस वाघिणी जोडल्या की गाडी स्वतःवरून जायला लागते. लांबी निम्म्याहून कमी झाली, चढ जवळपास तोच राहिला आणि ओळख शाबूत.

यातला हिशेब इतरत्रही लागू पडतो. संख्या कमी करा, आकार नको. अकरा कमानींचा पूल पाच कमानींचा केला तर तो ओळखू येतो. अकराच्या अकरा कमानी दाबून अरुंद बसवल्या तर तो दुसराच कुठला तरी पूल होतो. फलाटाची लांबी, सायडिंगांची संख्या, इमारतींची खोली, डोंगराची उंची हे खुशाल कमी करा. फलाटाची उंची, दरवाजे, सिग्नल, माणसं, म्हणजे गाडीला लागून जे जे आहे ते पूर्ण मापाचं ठेवा, कारण नजर तिथे तुलना करते. आणि गाडी तुमच्या फलाटात मावायला हवी. फलाट आखडला की गाडीही आखडावी लागते.

काही चिकटवण्याआधी सगळं पुठ्ठ्यात उभं करा. इमारती, टेकडीची कड, पूल, सगळं पूर्ण आकारात, आणि मध्ये खरी गाडी. आठवडाभर तसंच राहू द्या. येता-जाता नजर टाकली की स्टेशन फार पुढे आलंय किंवा पूल बुटका झालाय ते आपोआप खटकायला लागतं. ही पायरी बहुतेक जण गाळतात आणि पुढे करवत चालवतात.

वळण आणि चढ

खरं ३०० मीटरचं वळण एचओमध्ये जवळजवळ साडेतीन मीटर त्रिज्येचं होतं. घरात ते बसणार नाही. ढोबळ हिशेब असा: त्रिज्या सर्वांत लांब डब्याच्या निदान तिप्पट, आणि समोरच्या, दिसणाऱ्या भागात चौपट-पाचपट. घट्ट वळणं डोंगरामागे किंवा लेआउटच्या मागच्या, देखावा रंगवलेल्या पडद्यामागे लपवा. वळण दिसणारच असेल तर ते आतल्या बाजूने पाहता येईल असं ठेवा; बाहेरून पाहिलं की डब्यांमधल्या फटी उघड्या पडतात. सरळ रुळातून एकदम वळणात शिरू नका, मध्ये हळूहळू वाकत जाणारा तुकडा घाला. फ्लेक्स ट्रॅकने (हवा तसा वाकवता येणाऱ्या रुळाने) ते सहज जमतं, आणि गाडी झटका न घेता वळली की निम्मा खेळण्यातलेपणा तिथेच जातो. खऱ्या वळणावर बाहेरचा रूळ शंभरेक मिलिमीटर उंच असतो. एचओमध्ये तो जेमतेम मिलिमीटरभर. स्लीपरच्या बाहेरच्या टोकाखाली कागदाची पट्टी सरकवली की झालं. जास्त हौस केली तर डबे आत कलंडतात.

चढाबद्दल एकच सांगतो. एचओमध्ये एक गाडी दुसरीवरून न्यायची तर रुळाला आठेक सेंटीमीटर तरी चढावं लागतं. अडीच टक्क्यांनी त्याला ३.२ मीटर लागतात आणि उतरायला पुन्हा तेवढेच. त्यापेक्षा रूळ सपाट ठेवा आणि जमीन वरखाली करा. खरी रेल्वेही तेच करते: जमीन चढते-उतरते आणि रूळ भराव, कटिंग, पूल यांच्या आधाराने आपली पातळी सांभाळतो. सपाट प्लायवूडवर सगळं बांधलं की हे हातचं जातं. म्हणून निदान एका ठिकाणी तरी रुळांखाली जमीन जाईल अशी मोकळी चौकट करा. साधी मोरी चालेल.

रूळ म्हणजे देखाव्याचा पहिला नट

झाडांवर महिना घालवणारी माणसं रुळांवर एक संध्याकाळही घालवत नाहीत, हे मला आजवर समजलेलं नाही. पाहणाऱ्याची नजर गाडीवर असते आणि गाडीखाली रूळ असतात.

आधी उंची. मॉडेलच्या रुळाची उंची ‘कोड’च्या आकड्याने सांगतात. एचओमध्ये सर्रास मिळणारा कोड १०० चा रूळ २.५४ मिलिमीटर उंच असतो. ८७ ने गुणलं की २२१ मिलिमीटर. आजचा जड, ६० किलोचा रूळ १७२ मिलिमीटरचा असतो. कोड ८३ किंवा ७५ घेतला तर माप जवळ येतं. लपलेल्या भागात कोड १०० च राहू दे, तिथे तो दणकट पडतो.

क्रम महत्त्वाचा आहे. रूळ बसवा, प्रत्येक तुकड्याला खालून स्वतःच्या वायरी जोडा (जोडपट्ट्यांच्या भरवशावर राहिलात तर वर्षभरात गाडी जागोजागी अडखळेल), भरपूर गाड्या चालवून पाहा, मग रंग, आणि खडी शेवटी. रुळाची बाजू गंजाच्या गडद तपकिरी रंगाची करा, नारिंगी नको. रुळाचा माथा रंग ओला असतानाच पुसून घ्या. लाकडी स्लीपर ताजे असतील तरच काळे असतात, उन्हात वर्षं गेली की राखाडी होतात. दहा-बारांतला एखादा वेगळ्या छटेचा, नुकता बदललेला दाखवा.

खडीचा खरा दगड ४० ते ६५ मिलिमीटरचा असतो, म्हणजे एचओमध्ये अर्धा ते पाऊण मिलिमीटर. पाकिटातली बरीच खडी याहून मोठी असते, तेव्हा चाळून घ्या. कोरडीच पसरा, मऊ ब्रशने स्लीपरच्या माथ्यावरून झाडा आणि ब्रशची मूठ रुळावर हलकेच टकटकवा. स्लीपरवर अडकलेले दाणे उड्या मारून आपापल्या जागी पडतात. मग सारखी करून बाजूचा उतार घासून घ्या. भांडी घासायच्या साबणाचा थेंब घातलेलं पाणी बारीक फवाऱ्याने, फवारा वरून पडेल असं मारा. थेट मारलं तर खड्डे पडतात. खडी पूर्ण भिजली की लाकडाला वापरतात तो पांढरा गोंद तिप्पट पाण्यात मिसळून ड्रॉपरने सोडा. तो स्वतःहून आत पसरला पाहिजे. वर मण्यांसारखा थांबला तर पाणी कमी पडलंय. गाडीला एका रुळावरून दुसऱ्यावर नेणाऱ्या सांध्यांच्या हलत्या पात्यांजवळ खडी अगदी विरळ, आणि तिथे गोंद सोडताना ड्रॉपर नको, काडी घ्या.

मुख्य रूळ आणि सायडिंग यांत फरक दाखवा. सायडिंगची खडी कमी, मातीत बुडालेली, गवत उगवलेली. इंजिनं जिथे थांबतात तिथे मधोमध तेलाचा काळा पट्टा.

गाडी

एखाद्या इंजिनाचे शंभर फोटो पाहण्यापेक्षा अख्ख्या गाडीचा एक फोटो पाहा. डब्यांचा क्रम, मध्येच जोडलेला जुन्या रंगाचा डबा, मालगाडीत एकाच मालाचा सलग रेक आहे की सगळ्या जातींची मिसळ, शेवटी गार्डचा डबा आहे का, शेपटीचा दिवा किंवा फलक कुठे, यातूनच गाडीचं साल आणि जागा कळते. भरलेल्या वाघिणी एका दिशेने जातात आणि रिकाम्या परत येतात. माल काढता-घालता येईल असा केला तर हेही दाखवता येतं.

मळ चढवताना समोर फोटो हवाच, अंदाजाने नको. ब्रेकची धूळ तपकिरी असते आणि चाकं, बोगी, डब्याची खालची कड इथे बसते. धुराची काजळी छपरावर धुराड्याच्या मागे. पावसाचे ओघळ वरून खाली, रिव्हेटच्या किंवा खिडकीच्या कोपऱ्यापासून. पेस्टल खडूची पूड आणि वर मॅट वार्निश एवढ्यात बरंच होतं. वार्निशने पूड फिकी पडते, म्हणून आधी थोडी जास्त लावा. लेआउट उभ्याने वरून पाहिला जातो, तेव्हा छपराकडे बाजूंपेक्षा जास्त लक्ष द्या. खिडक्यांच्या काचा मात्र चमकत्या राहू द्या.

डब्यांना वजन हवं. अमेरिकेतल्या एनएमआरए या मॉडेलकारांच्या संघटनेची एचओसाठीची शिफारस २८ ग्रॅम आणि वर लांबीच्या प्रत्येक सेंटीमीटरला साधारण साडेपाच ग्रॅम अशी आहे. २७ सेंटीमीटरच्या डब्याला १८० ग्रॅमच्या आतबाहेर.

आणि वेग. सगळं जमून आलेला देखावा वेगाने बिघडतो. ताशी ६० किलोमीटर म्हणजे एचओमध्ये सेकंदाला फक्त १९ सेंटीमीटर, म्हणजे एक मीटर कापायला पाच सेकंद. यार्डातल्या २० च्या वेगाला त्याच मीटरला जवळपास सोळा सेकंद लागतात. घड्याळ लावून बघा, बहुतेक गाड्या दुप्पट-तिप्पट वेगाने धावत असतात. डीसीसी (गाड्या डिजिटल पद्धतीने चालवायची यंत्रणा) वापरत असाल तर इंजिनातल्या डिकोडरमध्ये सीव्ही ३ ही सेटिंग वेग घेण्याला आणि सीव्ही ४ वेग सोडण्याला ताब्यात ठेवतो. दोन्ही वाढवले की मालगाडी मालगाडीसारखी सुटते. सर्वोच्च वेग सीव्ही ५ ने बांधून टाका, म्हणजे पाहुण्यांचा हात लागला तरी चिंता नाही.

भोवताल

दोन मिलिमीटरचं कृत्रिम गवत एचओमध्ये १७ सेंटीमीटर उंच असतं आणि सहाचं अर्ध्या मीटरच्या वर. म्हणजे सगळीकडे सहाचं लावलं की अख्खा देखावा गुडघाभर गवतात. दोन आणि चार मिसळा, सहा फक्त कुंपणाशी आणि गटाराच्या कडेला. झाडांचं उलट होतं: १५ मीटरचं झाड १७ सेंटीमीटर यायला हवं, आणि विकतची झाडं निम्मी असतात. दोनचार मोठी झाडं स्वतः करा, छोटी मागे सरकवा.

मातीसाठी खरी माती चाळून वापरता येते, पण आधी तिच्यातून लोहचुंबक फिरवा. लोखंडाचे कण मोटारीत गेले की इंजिन बसलं. मागे जाल तसे रंग फिके आणि निळसर करा. मागच्या रांगेत एक स्केल लहान घरं ठेवली तर देखाव्याची खोली वाढल्यासारखी वाटते. पडद्यावरचं क्षितिज पाहणाऱ्याच्या डोळ्यांच्या उंचीला. रस्ता थेट पडद्याला भिडवू नका, घराआड वळवा.

विजेच्या तारा करणार असाल तर खरी जाडी विसरा. बारा मिलिमीटरची तार एचओमध्ये ०.१४ मिलिमीटर होते आणि पहिल्या धक्क्याला तुटते. जाड घ्या आणि फिकट राखाडी रंगवा, मग नजर तिला सोडून देते. मात्र तार रुळांच्या मधोमध सरळ नेऊ नका. पेंटोग्राफ (इंजिनाच्या छपरावरचा, तारेतून वीज घेणारा सांगाडा) एकाच ठिकाणी झिजू नये म्हणून खरी तार खांबागणिक डावी-उजवीकडे जाते; एचओमध्ये दोनेक मिलिमीटर. एवढ्याने ती खरी वाटते.

माणसं कमी ठेवा, आणि बसलेली, टेकलेली, वाट पाहणारी. पळत सुटलेला पुतळा पाच वर्षं त्याच पावलावर पळत असतो. एकाच फलाटावर वरात, मारामारी आणि आगीचा बंब, हा मॉडेलवाल्यांचा जुनाच आजार आहे; खऱ्या लहान स्टेशनावर दिवसातला बराचसा वेळ काहीही घडत नसतं.

तपासणी

कॅमेरा किंवा फोन लेआउटवर टेकवा, भिंग रुळांच्या पातळीपासून दोन सेंटीमीटरवर. तिथे उभ्या माणसाची नजर साधारण तेवढीच असते. ज्या मूळ फोटोवरून काम केलं त्याच कोनातून फोटो काढा आणि दोन्ही शेजारी ठेवा. आधी दोन्ही कृष्णधवल करून पाहा, कारण उजेड-अंधाराचं गणित चुकलं असेल तर रंग ते झाकून टाकतो. बहुतेक वेळा जमीन जास्त गडद आणि खडी जास्त पांढरी निघते. मग रंगीत फोटो पाहा आणि हिरवा उतरवा, तो जवळपास नेहमीच जास्त असतो. खांब, सिग्नल आणि झाडं यांच्या उंचीची तुलना त्यानंतर. बारकावे वाढवायचा विचार या तिन्हींनंतरच करा, आणि तेव्हाही आधी त्या चार खुणांचा कागद काढून बघा.